जेम्स नेस्मिथ

जेम्स नेस्मिथ (६ नोव्हेंबर १८६१ – २८ नोव्हेंबर १९३९) हे कॅनडात जन्मलेले शारीरिक शिक्षणाचे अध्यापक, वैद्यक पदवीधर, धर्मोपदेशक आणि बास्केटबॉल या खेळाचे जनक होते. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड या गावी त्यांनी हा खेळ रचला आणि त्यासाठी तेरा नियम लिहिले. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या या खेळाच्या नियमावलीत पुढे मोठी भर पडली. तीतील एक महत्त्वाचा भाग म्हणजे मैदानाच्या मध्यरेषेशी जोडलेले बॅककोर्टचे नियम. मूळ तेरा नियमांत मध्यरेषा नव्हती. ती नेस्मिथ यांच्या हयातीत, पण खेळाच्या जन्मानंतर चार दशकांनी आली. मात्र ज्या दोषावर उपाय म्हणून ती आखली गेली, त्या वेळकाढूपणाची दखल त्यांनी पहिल्याच नियमावलीत घेतली होती. त्यामुळे त्यांचे चरित्र आणि या नियमाचा इतिहास एकमेकांत गुंतलेले आहेत.

बालपण व शिक्षण

नेस्मिथ यांचा जन्म कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात अल्मॉन्ट गावाजवळ झाला. आईवडील दोघेही स्कॉटिश वंशाचे होते. १८७० मध्ये विषमज्वराने दोघांचेही निधन झाले आणि वयाच्या नवव्या वर्षी जेम्स पोरके झाले. आजी आणि नंतर मामा पीटर यंग यांनी त्यांना वाढवले. मामाच्या घरी शेतीची कामे, लाकूडतोड आणि घोड्यांची निगा हीच त्यांची पहिली शाळा ठरली. मधल्या काळात त्यांनी शाळा सोडून लाकूडतोड्यांच्या टोळीत कामही केले. पुढे ते शाळेत परतले आणि १८८३ मध्ये मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात दाखल झाले.

गावातल्या मुलांबरोबर ते 'डक ऑन अ रॉक' नावाचा खेळ खेळत. एका मोठ्या खडकावर लहान दगड ठेवायचा आणि ठरावीक अंतरावरून आपला दगड मारून तो खाली पाडायचा, असे त्याचे स्वरूप होते. जोराने सरळ फेकलेला दगड नेम चुकला की दूर जाऊन पडे आणि तो आणायला धावताना खेळाडू पकडला जाई. हलक्या हाताने कमानदार फेकलेला दगड मात्र जवळच पडे. बळापेक्षा नेमाला मोल असलेल्या या खेळाची आठवण त्यांना पुढे उपयोगी पडली.

मॅकगिलमध्ये त्यांनी १८८७ मध्ये कला शाखेची पदवी मिळवली आणि १८९० मध्ये प्रेस्बिटेरियन महाविद्यालयातून धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केला. याच काळात ते रग्बी व व्यायामविद्येत निपुण झाले. धर्मोपदेशकाने मैदानावर धसमुसळे खेळ खेळावेत, हे त्या काळी अनेकांना रुचत नसे. शरीर घडवूनही चारित्र्य घडवता येते, या विचाराने नेस्मिथ यांनी चर्चच्या व्यासपीठाऐवजी व्यायामशाळा निवडली आणि १८९० मध्ये ते स्प्रिंगफील्डच्या आंतरराष्ट्रीय वायएमसीए प्रशिक्षण विद्यालयात आले.

खेळाची निर्मिती

विद्यालयातील शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख ल्यूथर गुलिक यांच्यासमोर १८९१ च्या हिवाळ्यात एक अडचण उभी राहिली. बर्फामुळे मैदानी खेळ बंद झाले होते आणि व्यायामशाळेतील ठरावीक कवायतींना विद्यार्थी कंटाळले होते. अठरा तरुणांचा एक वर्ग तर आधीच्या शिक्षकांना आवरेनासा झाला होता. तो वर्ग नेस्मिथ यांच्याकडे सोपवण्यात आला आणि बंदिस्त जागेत खेळता येईल असा नवा खेळ शोधण्यासाठी त्यांना दोन आठवड्यांची मुदत मिळाली.

नेस्मिथ यांनी प्रथम रग्बी, फुटबॉल व लॅक्रोस हे खेळ व्यायामशाळेत आणून पाहिले. जागा अपुरी पडली, धक्काबुक्की वाढली आणि प्रयोग फसले. मग त्यांनी खेळांचे घटक सुटे करून त्यांचा विचार केला. रग्बीत खेळाडूला खाली पाडावे लागते, कारण तो चेंडू घेऊन धावतो. चेंडू घेऊन धावण्यासच बंदी केली तर पाडण्याचे कारण उरत नाही. गोल उभा आणि जमिनीलगत असला की चेंडू जोराने मारला जातो. तो आडवा आणि डोक्याच्या वर ठेवला, तर चेंडू हळुवार व कमानदार फेकावा लागेल. लहानपणच्या दगडाच्या खेळातील अनुभव येथे कामी आला.

विद्यालयाच्या देखरेख कर्मचाऱ्याकडे त्यांनी दोन चौकोनी खोकी मागितली. ती मिळाली नाहीत, म्हणून पीच या फळाच्या दोन टोपल्या आणण्यात आल्या. व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला त्या ठोकल्या गेल्या. कठड्याची उंची १० फूट होती आणि आजही बास्केटची उंची तितकीच, म्हणजे ३.०५ मीटर आहे. पहिला सामना २१ डिसेंबर १८९१ रोजी झाला असे सामान्यतः मानले जाते. प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू होते. एकच गोल झाला आणि तो विल्यम चेस या विद्यार्थ्याने केला. फ्रँक महान या विद्यार्थ्याने खेळाला नेस्मिथ यांचेच नाव देण्याची सूचना केली होती. ती त्यांनी हसून नाकारली आणि टोपली व चेंडू यांवरून बास्केटबॉल हे नाव रूढ झाले.

तेरा नियम

नेस्मिथ यांचे तेरा नियम विद्यालयाच्या 'ट्रँगल' या नियतकालिकात १५ जानेवारी १८९२ रोजी प्रसिद्ध झाले. चेंडू एका किंवा दोन्ही हातांनी कोणत्याही दिशेला फेकता येईल, मात्र तो घेऊन धावता येणार नाही. खांद्याने ढकलणे, धरणे, पाय घालून पाडणे किंवा मारणे हा फाउल. एका बाजूने लागोपाठ तीन फाउल केले, तर प्रतिपक्षाला एक गोल. पंधरा मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. अशी ही थोडक्यातली रचना होती.

पंचांच्या कामाची विभागणी या नियमावलीचे वैशिष्ट्य होते. एक पंच खेळाडूंचा न्यायाधीश होता. तो फाउल टिपत असे आणि दांडगाई करणाऱ्याला बाहेर काढू शकत असे. दुसरा पंच चेंडूचा न्यायाधीश होता. चेंडू खेळात आहे की नाही, तो कोणत्या बाजूचा आहे, गोल झाला की नाही आणि वेळ किती उरला, हे तो ठरवत असे. माणसाची वागणूक आणि चेंडूची स्थिती हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही जाणीव त्यामागे होती. आजच्या नियमांतही अंगस्पर्शाचा व गैरवर्तनाचा दोष म्हणजे फाउल आणि चेंडू, वेळ वा रेषा यांच्याशी निगडित दोष म्हणजे नियमभंग, असा भेद केला जातो. बॅककोर्टचा दोष दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याबद्दल खेळाडूच्या नावावर फाउल लागत नाही. चेंडूचा ताबा जातो.

नववा नियम चेंडू मैदानाबाहेर गेल्यावर काय करावे याविषयी होता. चेंडू आत फेकण्यासाठी पाच सेकंदांची मर्यादा त्यात होती. याच नियमाच्या शेवटी अशी तरतूद होती की एखादी बाजू सतत खेळ रेंगाळत ठेवू लागली, तर पंचाने तिच्यावर फाउल द्यावा. रेंगाळणे कशाला म्हणावे, किती वेळ गेला म्हणजे तो फार झाला, याचे कोणतेही माप दिलेले नव्हते. तो निर्णय पंचाच्या विवेकावर सोडला होता.

मध्यरेषेची आवश्यकता का नव्हती

१८९१ च्या त्या व्यायामशाळेत मध्यरेषेला काही कामच नव्हते. जागा लहान आणि खेळाडू अठरा. चेंडू घेऊन धावता येत नसल्याने तो हातात आला की लगेच दुसऱ्याकडे फेकावा लागे. चेंडू दडवून बसता येईल अशी रिकामी जागाच मैदानात नव्हती. नेस्मिथ यांना तेरा नियम पुरेसे वाटले, त्यामागे ही परिस्थिती होती.

पुढील काही वर्षांत ती बदलली. १८९७ च्या सुमारास प्रत्येक बाजूला पाच खेळाडू ही संख्या स्थिरावली. खेळाची मैदाने मोठी होऊ लागली. चेंडू हातातून सोडून पुन्हा घेतला तर धावण्याचा नियम मोडत नाही, हे खेळाडूंच्या ध्यानात आले आणि त्यातून टप्पे मारत चेंडू नेण्याची, म्हणजे ड्रिबलची पद्धत निघाली. ही युक्ती नेस्मिथ यांना आवडली होती. परंतु कमी खेळाडू, अधिक जागा आणि ड्रिबल या तिन्हींचा एकत्रित परिणाम असा झाला की चेंडू हाताळण्यात कुशल असलेला संघ तो हवा तितका वेळ आपल्याजवळ ठेवू शकला.

स्त्रियांच्या खेळात मात्र मैदानावर रेषा लवकर आल्या. स्प्रिंगफील्डपासून जवळच असलेल्या स्मिथ महाविद्यालयातील अध्यापिका सेंडा बेरेन्सन यांनी विद्यार्थिनींसाठी हा खेळ सुरू करताना मैदानाचे तीन विभाग केले. खेळाडूने आपला विभाग सोडायचा नाही, असा दंडक होता. त्या रेषा खेळाडूला अडवत. पुरुषांच्या खेळात पुढे आलेली मध्यरेषा खेळाडूंना अडवत नाही. ती चेंडूच्या माघारीला अडवते.

डेन्वर व कॅन्सस

१८९४ मध्ये नेस्मिथ यांचा विवाह मॉड शर्मन यांच्याशी झाला. स्प्रिंगफील्डमध्ये स्त्रियांनी खेळलेल्या अगदी आरंभीच्या सामन्यांत त्या खेळाडू होत्या. या दांपत्याला पाच अपत्ये झाली. १८९५ मध्ये नेस्मिथ डेन्वर येथील वायएमसीएमध्ये शारीरिक शिक्षण संचालक झाले. नोकरी सांभाळून त्यांनी तेथील ग्रॉस वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि १८९८ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवली.

त्याच वर्षी ते लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठात रुजू झाले. शारीरिक शिक्षण आणि विद्यापीठातील प्रार्थनासभा या दोन्हींची जबाबदारी त्यांच्याकडे होती. बास्केटबॉल संघही त्यांनी उभा केला. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी झालेला या संघाचा पहिला सामना कॅन्सस सिटीच्या वायएमसीए संघाने १६–५ असा जिंकला. १९०७ पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. या विद्यापीठाच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांत पराभव विजयांहून अधिक असलेले ते एकटेच आहेत. खेळाच्या जनकाविषयीची ही नोंद अनेकांना गमतीची वाटते. नेस्मिथ यांचे लक्ष मात्र जिंकण्यापेक्षा खेळ नीट खेळला जाण्याकडे होते. अनेक सामन्यांत ते स्वतः पंच म्हणून उभे राहत.

त्यांचे विद्यार्थी फॉग ॲलन यांनी त्यांच्यानंतर संघाची धुरा घेतली आणि प्रशिक्षण हा स्वतंत्र व्यवसाय आहे हे दाखवून दिले. डावपेच, सराव आणि प्रतिपक्षाचा अभ्यास यांमुळे खेळ झपाट्याने बदलू लागला. नेस्मिथ यांच्या हातचा खेळ आता प्रशिक्षकांच्या हाती गेला होता.

१९१६ मध्ये नेस्मिथ यांना धर्मोपदेशकपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी ते कॅन्ससच्या सैन्यतुकडीबरोबर मेक्सिकोच्या सीमेवर गेले. पहिल्या महायुद्धात १९१७ ते १९१९ या काळात त्यांनी फ्रान्समध्ये वायएमसीएच्या वतीने सैनिकांसाठी काम केले. १९२५ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. १९३७ मध्ये ते विद्यापीठातून निवृत्त झाले.

दहा सेकंदांचा नियम

१९२० नंतरच्या काळात वेळकाढूपणा हा बास्केटबॉलचा मोठा दोष ठरला. आघाडीवर असलेला संघ चेंडू आपल्या बास्केटजवळ घेऊन उभा राही. मागे पडलेल्या संघाने आपली बचावाची फळी सोडून पुढे यावे, अशी त्याची अपेक्षा असे. प्रतिपक्ष आपल्या बास्केटभोवती क्षेत्र आखून बचाव करत असेल, तर तोही पुढे येत नसे. दोन्ही संघ मैदानाच्या दोन टोकांना उभे आणि मधली जागा रिकामी, असा देखावा प्रेक्षकांना पाहावा लागे. गुणसंख्या अत्यल्प राही. नवव्या नियमातील रेंगाळण्याविषयीची तरतूद येथे तोकडी पडत होती, कारण चेंडू जवळ बाळगून उभे राहणे हा दोष आहे की डावपेच, हे प्रत्येक पंच आपापल्या मताने ठरवणार. एका गावी दोष मानली गेलेली गोष्ट दुसऱ्या गावी चतुराई ठरू शकत होती.

यावर उपाय म्हणून १९३२–३३ च्या हंगामापासून अमेरिकी नियमांत मैदानाच्या मधोमध रेषा आखण्यात आली. चेंडूचा ताबा मिळालेल्या संघाने दहा सेकंदांत तो या रेषेपलीकडे न्यायचा, असे बंधन आले. पुढे नेलेला चेंडू मनाला येईल तेव्हा मागे आणण्यावरही निर्बंध आले. पंचाच्या विवेकावर सोडलेल्या गोष्टीला आता अंतर आणि वेळ अशी दोन मापे मिळाली.

या वादात नेस्मिथ यांचा रोख वेगळा होता. वेळकाढूपणाचा दोष केवळ चेंडू बाळगणाऱ्या संघावर टाकणे त्यांना पटत नव्हते. मागे पडलेल्या संघाने चेंडू मिळवण्यासाठी पुढे येऊन झुंजले पाहिजे, असे त्यांचे मत होते. म्हणून क्षेत्र आखून बचाव करण्याची पद्धत त्यांना फारशी मान्य नव्हती. त्यांच्या दृष्टीने तोही बचाव करणाऱ्यांचा वेळकाढूपणाच होता. प्रत्येक गोलनंतर मध्यावर चेंडू उडवण्याची प्रथा १९३७ मध्ये बंद झाली, तोही बदल त्यांना पसंत पडला नाही. बहुतेक बाबतींत काळाने नियम समितीच्या बाजूने कौल दिला. परंतु बचाव करणाऱ्यांनीही मैदानभर झुंजावे ही नेस्मिथ यांची अपेक्षा पुढे एका अनपेक्षित वाटेने पूर्ण झाली.

ती वाट त्यांच्याच विद्यार्थ्याने दाखवली. जॉन मॅकलेंडन हे कृष्णवर्णीय विद्यार्थी १९३३ मध्ये कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षण घेण्यासाठी आले. वर्णभेदामुळे त्यांना विद्यापीठाच्या संघात खेळता येत नव्हते. नेस्मिथ त्यांचे मार्गदर्शक झाले आणि प्रशिक्षक म्हणून घडण्यास त्यांनी मॅकलेंडन यांना साहाय्य केले. पुढे मॅकलेंडन यांनी मैदानाच्या संपूर्ण लांबीभर दबाव टाकण्याची आणि चेंडू मिळताच वेगाने पुढे झेपावण्याची पद्धत विकसित केली. अशा दबावापुढे मध्यरेषेचा नियम धारदार झाला. चेंडू बाळगणाऱ्या संघाला मागे सरकायला जागा नसते आणि सेकंद मोजले जात असतात.

बॅककोर्टचा आजचा नियम

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. ज्या अर्ध्या भागात संघाचे स्वतःचे, म्हणजे त्याने राखायचे बास्केट असते, तो त्या संघाचा बॅककोर्ट. उरलेला अर्धा भाग फ्रंटकोर्ट. मध्यरेषा बॅककोर्टमध्ये धरली जाते. त्यामुळे फ्रंटकोर्टमध्ये चेंडू हाती असलेल्या खेळाडूचा पाय रेषेला नुसता लागला, तरी चेंडू मागे गेला असे मानतात.

या संदर्भात दोन वेगळे नियम आहेत. पहिला वेळेचा. बॅककोर्टमध्ये ताबा मिळाल्यावर आठ सेकंदांत चेंडू फ्रंटकोर्टमध्ये गेला पाहिजे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत ही मर्यादा २००० मध्ये दहावरून आठ सेकंदांवर आणली गेली. त्याच वेळी बास्केटकडे चेंडू फेकण्याची मर्यादा तीसवरून चोवीस सेकंद झाली. अमेरिकेतील पुरुषांच्या महाविद्यालयीन सामन्यांत अद्याप दहा सेकंदांचाच नियम आहे. बचाव करणाऱ्याने चेंडू मैदानाबाहेर घालवला आणि तो पुन्हा त्याच संघाला मिळाला, तर मोजणी नव्याने सुरू होत नाही. उरलेले सेकंदच मिळतात.

दुसरा नियम चेंडू माघारी नेण्याचा आहे. हा दोष ठरण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. संघाचा चेंडूवर फ्रंटकोर्टमध्ये ताबा असावा. चेंडू मागे जाण्यापूर्वी फ्रंटकोर्टमध्ये त्याला शेवटचा स्पर्श त्याच संघाच्या खेळाडूचा असावा. आणि बॅककोर्टमध्ये पहिला स्पर्शही त्याच संघाचा असावा. तीनपैकी एक जरी नसली, तरी पंच शिट्टी वाजवत नाही.

उदाहरणाने हे स्पष्ट होते. फ्रंटकोर्टमधील खेळाडूचा पास चुकला आणि चेंडू रेषेपलीकडे मागे घरंगळला, एवढ्याने दोष होत नाही. त्याच्या सहकाऱ्याने तो बॅककोर्टमध्ये उचलला, तर होतो. तोच चेंडू प्रतिपक्षाने उचलला, तर खेळ चालू राहतो. बचाव करणाऱ्याने हात घालून चेंडू मागे उडवला आणि फ्रंटकोर्टमधील शेवटचा स्पर्श त्याचाच असेल, तर मूळ संघ बॅककोर्टमध्ये जाऊन चेंडू बिनदिक्कत घेऊ शकतो. पण बचाव करणाऱ्याचा हात लागल्यावर चेंडू आक्रमकाच्या गुडघ्यावर आपटून मागे गेला, तर शेवटचा स्पर्श आक्रमकाचा ठरतो आणि मग त्याच्याच सहकाऱ्याने चेंडू घेणे हा दोष होतो. नवख्या पंचाची नजर बहुधा रेषेवर खिळलेली असते. अनुभवी पंच शेवटचा हात कोणाचा लागला ते आधी पाहतो.

ड्रिबल करणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. त्याचे दोन्ही पाय आणि चेंडू ही तिन्ही पूर्णपणे फ्रंटकोर्टमध्ये आल्याशिवाय चेंडू पुढे गेला असे मानत नाहीत. एक पाय पुढे टाकून तो पुन्हा मागे घेतला, तर दोष नाही. मात्र आठ सेकंदांची मोजणी तोवर चालूच असते. फ्रंटकोर्टमधून उडी घेतलेल्या खेळाडूने प्रतिपक्षाचा पास हवेतच पकडला आणि तो बॅककोर्टमध्ये उतरला, तर त्यालाही सूट आहे, कारण नवा ताबा त्याने हवेत असताना मिळवलेला असतो.

दोष ठरल्यास चेंडू प्रतिपक्षाला मिळतो आणि त्याला तो दोषाच्या जागेजवळून, आपल्या फ्रंटकोर्टमधून आत फेकता येतो. गुण जात नाहीत, पण अटीतटीच्या सामन्यात अखेरच्या मिनिटाला गेलेला एक ताबा निकाल फिरवू शकतो.

जालना, भोकरदन वा जाफराबाद येथील शालेय विद्यार्थ्याला या नियमाचे तत्त्व खो-खोवरून सहज समजेल. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की ती सोडून त्याला मागे वळता येत नाही. खांब ओलांडल्यावरच त्याला दिशा बदलता येते. कबड्डीतील मध्यरेषा व निदानरेषाही चढाई करणाऱ्याला पुढे जाण्यास भाग पाडतात. निदानरेषा न ओलांडता, कोणाला स्पर्शही न करता तो परतला, तर बाद होतो. पुढे टाकलेले पाऊल विनासायास मागे घेता येऊ नये, हाच विचार तिन्ही खेळांत आहे.

भारतात व महाराष्ट्रात

पहिल्या सामन्यातील एका संघाचे कर्णधार डंकन पॅटन हे १८९४ मध्ये वायएमसीएच्या कामासाठी भारतात आले आणि त्यांनी हा खेळ येथे आणला, अशी नोंद नेस्मिथ यांनी केली आहे. खेळाच्या जन्मापासून तीन वर्षांच्या आत तो भारतात पोहोचला होता. १९२० मध्ये हॅरी बक यांनी मद्रास येथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन केले. तेथून प्रशिक्षित झालेले क्रीडाशिक्षक देशभर गेले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली आणि १९५० मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाची स्थापना झाली.

महाराष्ट्रात मुंबईचा नागपाडा परिसर या खेळाचे केंद्र बनला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ मध्ये तेथे नागपाडा नेबरहुड हाऊस ही समाजकेंद्राची संस्था सुरू केली. दाट वस्तीतील मुलांना लहान जागेत खेळता येईल असा हा खेळ तेथे रुजला. स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेतही अडचण जागेचीच होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. नागपाड्याने देशाला अनेक खेळाडू दिले. भारतीय संघाचे कर्णधार राहिलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर हे त्यांपैकी एक होत. भारताचा पुरुष संघ १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये खेळला.

बर्लिन ऑलिंपिक व अखेरची वर्षे

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच अधिकृत समावेश झाला. नेस्मिथ तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि प्रवासखर्च त्यांच्या आवाक्याबाहेर होता. खेळ शोधल्याबद्दल त्यांनी पेटंट घेतले नव्हते आणि त्यापासून संपत्तीही मिळवली नव्हती. अमेरिकेतील प्रशिक्षकांच्या संघटनेने निधी उभारून त्यांना बर्लिनला पाठवले. एस्टोनिया विरुद्ध फ्रान्स या पहिल्या सामन्यात चेंडू उडवण्याचा मान त्यांना मिळाला.

सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानांवर झाले. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस पडला आणि मैदानावर चिखल झाला. चेंडूला टप्पा मिळेना, त्यामुळे ड्रिबल जवळजवळ अशक्य झाले. अमेरिकेने कॅनडाला १९–८ असे हरवले. सुवर्णपदक त्यांच्या स्वीकृत देशाला आणि रौप्यपदक जन्मभूमीला मिळाले. बंद खोलीत हिवाळ्यात खेळण्यासाठी जन्मलेला खेळ जगातील सर्वात मोठ्या व्यासपीठावर भर पावसात खेळला गेला.

१९३७ मध्ये मॉड यांचे निधन झाले. १९३९ मध्ये नेस्मिथ यांनी फ्लॉरेन्स किंकेड यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी २८ नोव्हेंबर रोजी लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. बास्केटबॉलचा उगम व विकास यांविषयी त्यांनी लिहिलेले पुस्तक १९४१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

वारसा

१९५९ मध्ये बास्केटबॉलच्या सन्मान दालनात समाविष्ट झालेल्या पहिल्या मानकऱ्यांत नेस्मिथ यांचा अंतर्भाव होता. स्प्रिंगफील्ड येथील या दालनाला त्यांचेच नाव देण्यात आले आहे. तेरा नियमांची मूळ टंकलिखित प्रत २०१० मध्ये लिलावात ४३ लाख डॉलरना विकली गेली आणि आता ती कॅन्सस विद्यापीठाच्या परिसरात पाहावयास मिळते.

त्या दोन पानांत मध्यरेषा नाही, आठ सेकंद नाहीत आणि बॅककोर्ट हा शब्दही नाही. तरीही पंच जेव्हा हाताच्या आठ बोटांनी वेळ संपल्याची किंवा हात हलवून चेंडू मागे गेल्याची खूण करतो, तेव्हा तो नवव्या नियमातील शेवटच्या तरतुदीचीच अंमलबजावणी करत असतो. खेळ खेळला गेला पाहिजे, रेंगाळता कामा नये, ही अट नेस्मिथ यांनी घातली होती. तिचे माप पुढच्यांनी ठरवले. मापे बदलत गेली, दहाचे आठ झाले, पण ज्या हेतूसाठी ती आखली गेली तो हेतू १८९१ पासून बदललेला नाही.